घाटावर बरी, कोकणात आजारी

आमच्या गाडीला हीव भरे ते ती उभी असताना. धावताना तिची काही म्हणता काही तक्रार नसे. साठाच्या वेगाने ती तासन्‌तास गुणगुणत जाई. पण सिग्नलपाशी थांबली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, की पहिली दहा-पंधरा सेकंदे बरी जात आणि मग तिच्या अंगात एकदम कापरे भरे. समोरची काच थरथरे, गिअरचा दांडा हलू लागे, आरशात मागचा स्कूटरवाला दोन-दोन दिसू लागे. कधी त्यातून ती आपली आपण सावरे, कधी एक उचकी देऊन बंद पडे. आणि मग पुणे शहरातले हॉर्न! त्यांचे वर्णन मी करीत नाही. दिवाळीच्या अंकात ते शोभणार नाही.

गाडी म्हणजे १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी. पद्मिनी हे नाव कागदोपत्री. आमच्या घरात ती ‘फियाट’च. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी ‘फियाट ११०० डिलाइट’ ह्या नावाने तयार होई. पुढे १९७४च्या सुमारास तिची पद्मिनी झाली. पण लग्नात नाव बदललेल्या मुलीला माहेरी जुन्याच नावाने हाक मारतात, तसे सगळ्या महाराष्ट्राने केले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८६ साली एका डॉक्टरांकडून जुनी विकत घेतली. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मी तिच्यातून शाळेत गेले, तिच्यावरच गाडी चालवायला शिकले, आणि स्टिअरिंगखालच्या त्या दांड्याने गिअर टाकता येतात ही एकच गोष्ट अशी आहे, की जिच्यामुळे कॉलेजातली मुले माझ्याकडे अजून आदराने पाहतात. मराठीचा तास घेतल्यामुळे तसे पाहत नाहीत.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला. ती बातमी वाचून अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि चहा न घेताच ते खाली गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

तर ह्या थरथरीला गॅरेजच्या भाषेत ‘स्लोवर मिसिंग मारते’ असे म्हणतात. ह्याला शुद्ध मराठी प्रतिशब्द सांगा, असे मला कोणी विचारले तर मी एम. ए.ची पदवी परत करीन. कारण इतके नेमके वाक्य मला सुचणार नाही. इंजिन स्लोवर असते तेव्हा कार्ब्युरेटरमधली हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. एका बारीक भोकातून जेमतेम थेंबभर पेट्रोल झिरपते आणि तेवढ्यावर इंजिनाने आपला जीव धरून ठेवायचा. वजनाने पेट्रोलच्या सुमारे पंधरापट हवा, असे साधारण प्रमाण. स्लोवर पेट्रोल त्याहून थोडे जास्त लागते. गाडी धावत असताना हे प्रमाण जरासे चुकले तरी खपून जाते. भरल्या घरात एक पाहुणा वाढला तर कळत नाही. दोन माणसांच्या स्वयंपाकात वाढला की लगेच कळते.

पुण्यात आम्ही तिला चार ठिकाणी दाखवली. पहिल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. तिसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून प्रत्येक जेटमधून हवेचा फवारा मारला आणि ‘कचरा होता’ असे सांगितले. चौथ्याने सगळा दोष पेट्रोलावर ढकलला. पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुने रबर त्याने खराब होते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून आम्ही नळ्याही नव्या घातल्या. दर वेळी गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी उभी राही. डॉक्टर दिसला की पोराचा ताप उतरतो, तशातलाच प्रकार. दोन दिवस बरे जात. चौथ्या दिवशी सिग्नलला पुन्हा हीव.

ह्या उपचारांखेरीज एक घरचा उपचार चालू होता. अण्णा आता ऐंशीचे. कानांनी कमी ऐकू येते. यंत्र आहे, पण ते बहुधा सदऱ्याच्या खिशात. एके काळी हाच माणूस लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते सांगत असे. आता ते गाडीच्या मडगार्डवर तळवा ठेवतात आणि डोळे मिटतात. रविवारी सकाळी बॉनेट उघडायचे, तेल-पाणी पाहायचे आणि मग पान्यांच्या गुंडाळीतून बारा-तेराचा पाना काढून एकेक नट आवळायचा, हा त्यांचा नेम. धरणाच्या दारांवर आयुष्य गेलेला माणूस. सांधा सैल राहिला की गळती, हे त्यांच्या हाडात मुरलेले. आणि गंमत अशी, की त्यांनी आवळल्यावर गाडी खरोखरच दोन-तीन दिवस बरी चाले! “बघ, हाताचा गुण,” असे ते म्हणत. मलाही त्यात खोटे काही दिसत नव्हते.

माझ्या भावाला मात्र ह्या सगळ्याचा वीट आला होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, ती तपासणी, तो खर्च. आणि आता भर चौकात बंद पडणे. २०२४च्या दसऱ्याला तो बोलून गेला, “भाऊबिजेला तुम्हाला महाडला जायचंय ना अण्णा? गाडी धड गेली आणि धड आली तर ठेवू. नाही तर देऊन टाकू. लग्नाच्या वरातीला भाड्यानं देणारे लोक घेतात, निदान भंगारात जाणार नाही.” अण्णा भांडतील असे मला वाटले होते. ते नुसते “बरं” म्हणाले. ते ‘बरं’ मला फार लागले.

महाडला माझी आत्या असते. वय चौऱ्याऐंशी. ती आता अंथरुणातून उठत नाही.

पाडव्याच्या दिवशी, शनिवारी, पहाटे आम्ही दोघे निघालो. भोरवरून वरंध घाटाने महाड जवळ पडते. पण अण्णांना वाईवरूनच जायचे होते. पसरणीच्या घाटातून धोमचे पाणी पाहायचे होते. ह्या वयातल्या माणसाला ‘पुढच्या वेळी पाहू’ असे सांगू नये, म्हणून मी वाद घातला नाही. टोलनाक्याच्या रांगेतच गाडी दोनदा बंद पडली. अण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता. तो त्यांनी काढून मांडीवर घेतला. खंबाटकी चढलो, सुरूरला महामार्ग सोडला, वाईला ढोल्या गणपतीला लांबूनच हात जोडले. कारण उतरायचे तर गाडी थांबवावी लागली असती.

पसरणीचा घाट ही फियाटची परीक्षा आहे असे पूर्वी म्हणत. एका वळणावर गाड्यांची रांग लागलेली असायची, सगळ्यांची बॉनेटे उघडी, आणि पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवून माणसे निवांत भुईमुगाच्या शेंगा खात बसलेली. पंप तापला की पेट्रोलाची आतल्या आत वाफ होते आणि धार तुटते. त्यावर ओल्या फडक्याखेरीज उपाय नव्हता. आमच्या डिकीत ते फडके अजून असते. त्या दिवशी त्याची गरज पडली नाही. नोव्हेंबरची सकाळ गार होती, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन एका सुरात ओढत होते, आणि खाली धोमचा जलाशय नुकत्याच पुसलेल्या परातीसारखा चमकत होता. अण्णांनी काच खाली केली. कुठल्या टेकडीच्या कडेला त्यांची तंबूंची वसाहत होती, कुठे मोजणीची काठी घेऊन ते उन्हात उभे राहत, हे त्यांनी मला बोटाने दाखवले. मला एकही जागा ओळखता आली नाही. मी “हो, हो” म्हणत गेले.

पाचगणी ओलांडली आणि वेण्णा तलावाच्या अलीकडे दिवाळीच्या सुटीतले अवघे मुंबई-पुणे रस्त्यावर येऊन थांबलेले दिसले. माझ्या पोटात गोळा आला. समोर बस, मागे बस, बाजूला घोडेवाले. इथे बंद पडली तर शोभा. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि वाट पाहू लागले. दहा सेकंदे, वीस, एक मिनिट. काही नाही. इंजिन बंद घरातल्या समईसारखे स्थिर. अर्धा तास आम्ही त्या रांगेत होतो. तिने हूं की चूं केले नाही. अण्णांनी डॅशबोर्डवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आले ते पाहून मी बाहेरच्या घोड्यांकडे पाहू लागले.

“हवा मानवली तिला,” ते म्हणाले.

मी हसले. श्रीमंत लोक पूर्वी हवा पालटायला महाबळेश्वरला येत, तशी आमची फियाटही आली, असा एक विनोद मला सुचला, आणि तो कुठेतरी लिहावा असेही मनात आले. त्या विनोदातच रोगाचे निदान होते, हे मला पुढे दोन तासांनी कळायचे होते.

महाबळेश्वर सोडून आंबेनळी घाटाला लागले, की देशावरून कोकणात उतरणे म्हणजे काय ते शरीराला कळते. सुमारे चाळीस किलोमीटरांत रस्ता सव्वा किलोमीटरभर खाली येतो. पावसाळ्यात ह्या घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता दिवसच्या दिवस बंद राहतो. त्याच्या जखमा ठिकठिकाणी दिसत होत्या. प्रतापगड आधी समोर असतो, मग बाजूला येतो, मग आपण इतके खाली जातो की त्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा आम्ही सकाळी मागे टाकली होती. ती पूर्वेच्या समुद्राला जाते. तिथेच उगम पावणारी सावित्री आता आमच्याबरोबर पश्चिमेला निघाली होती. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ही अण्णांची जुनी शिकवण. मी दुसरा गिअर सोडला नाही. कान बंद झाले, उघडले. अंगावरचा स्वेटर निघाला. वाडा-कुंभरोशी गेले, झाडांचा वास बदलला, हवा जड आणि दमट झाली.

पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गाच्या तोंडाशी गाडी थांबवली मात्र, जुने हीव दुप्पट जोराने भरले. काच खडखडली, एक उचकी आली आणि इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. चौथ्या वेळी दोन पोरांनी ढकलून आम्हाला रस्त्याकडेच्या एका गॅरेजपाशी नेऊन उभे केले.

गॅरेज म्हणजे चार वासे आणि वर पत्रा. पाडव्याचा दिवस असल्यामुळे हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडली होती; त्यांच्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुले. मिस्त्री साठीच्या पुढचे. तीस वर्षे मुंबईत टॅक्सीच्याच कामावर होते, मग गावी परतले. त्यांनी गाडीकडे असे पाहिले, की जणू फार दिवसांनी कोणी ओळखीचे भेटले आहे.

“पद्मिनी! कुठून आणली?”

मी साऱ्या उपचारांची यादी सांगितली. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, जेट, नळ्या. ते ऐकत होते, पण त्यांचे हात दुसरेच काही करीत होते. शेवटी मी सहज म्हणाले, “वर महाबळेश्वरला मात्र अर्धा तास उभी होती, काही झालं नाही.”

त्यांचे हात थांबले. “वर बरी होती? आणि खाली आल्यावर बिघडली? मग ताई, ही हवा खेचतेय.”

आणि मग त्या माणसाने मला जे समजावून दिले ते मी माझ्या भाषेत सांगते. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ. कार्ब्युरेटरला हे समजत नाही. विरळ हवेला तो पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त सोडतो, म्हणजे तिथे कालवण घट्ट होते. निरोगी गाडी अशा वेळी किंचित जड चालते. पण जिच्या एखाद्या सांध्यातून चोरून जादा हवा आत शिरते आहे, तिचे कालवण आधीच पातळ; वरच्या घट्टपणाने ते बरोबर होते. एका दोषाने दुसरा दोष झाकला. कोकणातल्या भरगच्च हवेत झाकण निघाले.

त्यांनी ते लगेच सिद्ध करून दाखवले. चोकची मूठ किंचित ओढली. पेट्रोल वाढले आणि थरथर निवली. मूठ ढकलली, पुन्हा थरथर. मग तेलाची पिचकारी घेतली आणि कार्ब्युरेटर ज्या बैठकीवर बसतो तिच्या कडेने थेंब सोडीत गेले. एका जागी तेल गडप झाले आणि इंजिन क्षणभर सुरात आले. फटीत तेल अडकले तेवढा वेळ हवा बंद! चार गॅरेजांत जे सापडले नाही ते दोन थेंब तेलाने दाखवले. त्या चौघांना मी दोष देत नाही. गाडी वर बरी आणि खाली आजारी होती हे त्यांना कोण सांगणार होते?

कार्ब्युरेटर उतरवला. पाटावरची स्टीलची पट्टी हळदकुंकवासकट उचलून मिस्त्रींनी त्याच्या बुडावर उभी धरली आणि आकाशाकडे करून मला दाखवली. पट्टी आणि धातू यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ होती. मधोमध जाड, कडांना निमुळती.

“जस्ताचा मऊ धातू आहे हा,” ते म्हणाले. “दोन कानांना दोन नट. नट जादा आवळले, की कान खाली वाकतात आणि मधला भाग वर उचलतो. मग पॅकिंगला पकड राहत नाही. पुन्हा आवळलं की पॅकिंग दबतं, दोन दिवस बरं वाटतं. गरम होऊन ते बसलं की पुन्हा फट. आणि दर वेळी वाक थोडा वाढतो. हे एका दिवसाचं नाही, कितीतरी महिने कोणीतरी आवळत आलंय. कुणी आवळलं हे?”

अण्णा चार हातांवर स्टुलावर बसले होते. रस्त्याकडे पाठ, हात गुडघ्यांवर, नजर त्या उतरवलेल्या कार्ब्युरेटरवर.

“मीच,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी माझ्या हातांकडे पाहिले. खडूखेरीज जड काही न उचललेले हात. मग त्यांनी स्टुलाकडे पाहिले आणि पट्टी पुसून पाटावर ठेवली.

“होतं असं,” ते म्हणाले. “बोटानं घट्ट होईल तेवढा नट फिरवायचा, मग पान्यानं पाव फेरा. एकदा इकडे, एकदा तिकडे. बस.”

पुढचे काम दीड तास चालले. खिडकीची एक जुनी जाड काच त्यांनी आणली. तिच्याइतकी सपाट वस्तू गॅरेजात दुसरी नसते. तिच्यावर पॉलिश पेपर पसरून, थेंब-थेंब तेल टाकीत, कार्ब्युरेटरचे बूड आठाच्या आकड्यासारखे फिरवीत ते घासत राहिले. आधी नुसत्या दोन कडा चमकल्या, मग चमक मध्याकडे सरकू लागली. अधूनमधून पट्टी लावून पाहत. उजेडाची रेघ केसाएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. जाड कागद बैठकीवर धरून कडेकडेने हातोडीने टक-टक करीत त्यांनी नवे पॅकिंग कापले; कात्री लावली नाही. भाकरी थापतानासारखा तो आवाज. पैसे विचारले तर पाडव्याची बोहनी म्हणून पाचशे रुपये सांगितले. मी हजार ठेवले. त्यांनी पाचशे परत केले आणि वर झेंडूचे एक फूल गाडीच्या आरशाला बांधले.

गाडी सुरू झाली. मी पाय काढून घेतला. बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवून मिस्त्रींनी मला बोलावले. पाण्यावर बारीक वर्तुळे होती, पण एक थेंब सांडत नव्हता. अण्णा उठून आले आणि त्यांनी मडगार्डवर तळवा ठेवला. काही बोलले नाहीत. महाडपर्यंतही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्याने पडल्यापडल्याच ओवाळले. ताम्हन माझ्या हातात आणि तिचा हात माझ्या मनगटावर, असे ते ओवाळणे. “फियाट घेऊन आलास?” तिने विचारले. अण्णांनी मान हलवली. “मला वाटलंच, आवाज ऐकला,” ती म्हणाली. तिलाही ऐकू येत नाही. बाकी त्या दोघांमध्ये काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते, आणि असल्या वेळी स्वयंपाकघरात काम काढणे बरे असते.

परत येताना आम्ही त्याच वाटेने आलो. महाबळेश्वरच्या बाजाराशी गाडी थांबवली तेव्हा इंजिन चालू होते, पण किंचित जड. घशात शेंबूड साठल्यासारखे. मी मिस्त्रींचे बोलणे आठवत होते. तेवढ्यात अण्णा डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाले, “वर जड होणारच. खाली बरोबर आहे.” त्यांनी हे कुठून काढले, असे मला वाटले, मग वाटले, तळव्याला कळले असेल.

भावाला मी रात्री फोन करून गाडी धड गेली आणि धड आली एवढेच सांगितले. पोलादपूरचे सांगितले नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी खाली बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मी चहाचा कप तसाच ठेवून जिना उतरले. काय बोलायचे ते वाटेत ठरवीत होते आणि काही ठरत नव्हते. अण्णांनी तेल पाहिले होते, पाणी घातले होते. कानात यंत्र होते. मला पाहून त्यांनी गुंडाळी उलगडली, बारा-तेराचा पाना काढला आणि माझ्या हातात दिला.

“बोटानं घट्ट, मग पाव फेरा,” ते म्हणाले. “एकदा इकडे, एकदा तिकडे.”

मी नटाला बोट लावून पाहिले. तो जागच्या जागी होता. फिरवायची गरज नव्हती. तसे मी त्यांना सांगितले.

“मग राहू दे,” अण्णा म्हणाले, आणि बॉनेट लावून घेतले.